डाव्या बाजूनं पाहिलेला नट

पत्रू लोनबलेच्या घरी टीव्ही आला तेव्हा त्याच्या बायकोनं, रंभानं, समोरच्या भिंतीला लागून खुर्ची मांडली. पत्रूनं ती उचलली आणि टीव्हीच्या कडेला नेऊन ठेवली. तिथून चित्र तिरपं दिसे, माणसं शेवग्याच्या शेंगेसारखी लांबट दिसत. पण हा बसला आपला ऐटीत.

"समोर बसा न," रंभा म्हणाली. "तिथून काय दिसते?"

"समोर पब्लिक बसते," पत्रू म्हणाला. "मी कधी बसलो समोर?"

बोलणं तऱ्हेवाईक, पण खोटं नव्हतं. सिंदेवाही तालुक्यातल्या कोसमटोल्याच्या नाटकाचा पडदा पत्रू मिसरूड फुटल्यापासून सांभाळत आला. तिकडे धान कापून खळ्यावर आलं की नाटकांचे दिवस लागतात. गावोगावी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. घराघरात पाहुण्यांची रीघ, लेकी-जावयांची सरबराई, आणि त्या गर्दीत एखाददुसरी सोयरीकही उरकून जाते. वडशाहून नाटक कंपनी येते. धान कापलेल्या शेतात, बांधीत, मंच उभा राहतो, पुढची जमीन उतरती खणतात म्हणजे मागच्यालाही दिसावं. हजारो माणसं घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत तिथं बसतात. आणि मंचाच्या कोपऱ्यात, नटांच्या डाव्या हाताच्या विंगेत, पडद्याचा दोर धरून पत्रू उभा असतो. समोरून नाटक कसं दिसतं हे त्या गावात न जाणणारा माणूस एकच, आणि त्यानंच सगळ्यात जास्त नाटकं पाहिलेली.

त्यामुळं पत्रूला नट ओळखू यायचे ते कानावरून, मानेवरून आणि टाचेवरून. पेपरात एखाद्या नटाचा फोटो आला की गाव त्याचं तोंड बघे. पत्रू म्हणे, "असा नाई समजत बापा. जरासा वळवा त्याले."

पण त्याला एक खरंखुरं कुतूहल होतं आणि ते त्याला कधी स्वस्थ बसू देत नसे. नट मोठा होणार हे आधी कुठं दिसतं? विंगेत आपल्या वेळेची वाट बघत उभी असलेली पोरं-पोरी तो निरखायचा. कुणी पुटपुटत असे, कुणी तंबाखू मळत असे, कुणाचे पाय लटपटत असत. मग तो दुसऱ्या दिवशी चावडीवर भाकीत सांगायचा. एका पोराबद्दल तो म्हणाला होता की हा बंबईले जाते. तो पोरगा मूल गावी कोंबड्या पाळून राहिला आहे आणि सुखात आहे. एका पोरीबद्दल म्हणाला होता की हिला काही जमणार नाही. तिचे फोटो आज वडशाच्या चौकात माणसाएवढे लागतात. गावानं त्याची इतकी टर उडवली की दुसऱ्या कुणी तोंड लपवलं असतं. पत्रू म्हणायचा, "चुकलो तं चुकलो. पण काऊन चुकलो ते तं पायले पायजे न!"

फक्त एका नटाबद्दल त्याला तसूभर शंका नव्हती. निकेश वैरागडे.

निकेश वैरागडे म्हणजे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला चेहरा. मालिकेत फौजदार, सिनेमात खलनायक, मोबाईलवर तर रोजच. हा मूळचा वडशाचा पोरगा, झाडीपट्टीच्या या नाटकांतून तयार झालेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पत्रूचं म्हणणं त्याहून पुढचं होतं. "हा मोठा होणार, हे पह्यले मले समजलं. आपल्या कोसमटोल्यात. तवा त्याले कुत्रं ओळखत नव्हतं."

ती गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली होती की पोरांना ती पाठ होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी गावात 'धुऱ्यावरचा बाप' नावाचं नाटक होतं. म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम निकेशकडे. कंपनीची गाडी उशिरा आली. नटांचे चेहरे गावातल्या एका घरात रंगले आणि ते घोंगड्या डोक्यावरून पांघरूनच मंचावर पोचले. तिसऱ्या अंकाच्या शेवटी म्हातारा जेवायला बसतो. पोरगा दूरच्या कामावरून घरी यायचा असतो, म्हणून त्याचंही रिकामं ताट शेजारी मांडलेलं. ताटं पत्रूच्याच घरची, भातही रंभानंच शिजवून दिलेला, कारण नाटकाला लागेल ती वस्तू गावानं पुरवायची ही रीतच. म्हातारा पहिला घास उचलतो आणि निरोप येतो की पोरगा मेला. मग म्हाताऱ्यानं हंबरडा फोडायचा आणि आडवं पडायचं. हंबरडा म्हणजे पत्रूचा इशारा. तो कानावर आला की दोर सोडायचा, पडदा खाली.

"पण त्यानं हंबरडाच नाई फोडला," इथं आलं की पत्रूचा आवाज खाली जायचा. "घास तसाच ताटात ठेवला. मान वळवून एकदा माह्याकडं पायलं. मंग पोराचं रिकामं ताट उचललं अन् आपल्या भातावर पालथं झाकलं. वर हात ठेवून बसून राह्यला. मी दोर धरून उभा. मले वाटलं आता ओरडते, आता ओरडते. कुठचं काय! इकडं प्रॉम्प्टर हात हलवून राह्यला, परदा टाक म्हणून. माह्या हातून दोरच सुटत नव्हता. अन् पब्लिक? लेकरूबी रडलं नाई."

पुढं पडदा पडला तो प्रॉम्प्टरनं येऊन त्याच्या पाठीत गुद्दा घातल्यावर. मग जी टाळी झाली, ती थांबेना. पत्रूनं त्या दिवसापासून किती नट पाहिले, किती हंबरडे ऐकले, पण ते झाकलेलं ताट त्याच्या मनातून गेलं नाही. का झाकलं असेल? संहितेत तसं नव्हतं, प्रॉम्प्टरनं शपथेवर सांगितलं होतं. पोरगा उपाशी गेला म्हणून बापानंही जेवण बंद केलं, असं पत्रूला कधी वाटे. कधी वाटे, पोरगा येईल ही आशा म्हाताऱ्याला सुटली नसेल, म्हणून अन्न राखून ठेवलं. रंभाचं मत वेगळं होतं.

"मुंग्या लागतीन म्हणून झाकलं असन," ती म्हणायची. "अन् ताटाले केवढा पोचा पडला माह्या, ते नाई सांगत तुमी."

तर एकदा निकेश भेटावा आणि त्याला हे विचारावं, एवढीच पत्रूची इच्छा होती. घर बांधून झालं, पोरींची लग्नं झाली, देवानं बाकी काही अडवलं नव्हतं. हेच तेवढं राहिलं होतं.

त्यात त्याचा पुतण्या प्रणित यानं घोळ घातला. प्रणित घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात कामाला. सुटीवर आला की मोबाईलमधून जगाची बित्तंबातमी आणायचा. एकदा त्यानं निकेशची मुलाखतच लावली. निकेश त्यात आपण कुठकुठल्या गावी कामं केली ते आठवून आठवून सांगत होता. नवरगाव झालं, तळोधी झालं, गडचिरोलीकडची गावं झाली. कोसमटोला आलं नाही.

"काकाजी," प्रणित म्हणाला, "आपल्या गावाचं तं नावच नाई घेतलं त्यानं."

"माणूस किती गावं ध्यानात ठेवन?"

"जिथं एवढी टाळी भेटली थे गाव भुलन का?"

मुलाखतीची बातमी गावभर झाली आणि मग त्याला छळायला निमित्तच मिळालं. त्याच्यासमोर कुणी ताटावर ताट झाकायचं, कुणी विचारायचं, "भाऊ, पंतप्रधानबी तुमच्याच विंगेतून गेले का?" पत्रू हसण्यावारी न्यायचा. पण त्याला ते लागायचं. भाकितं चुकली म्हणून लोक हसले तर त्याला काही वाटत नसे. पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं म्हटलं की त्याचा जीव तुटायचा. आणि खरं सांगायचं तर त्याच्या स्वतःच्या मनातही एक काटा होता. टीव्हीवरचा निकेश त्याला ओळखू येत नव्हता. फौजदाराच्या टोपीत किंवा वाढवलेल्या केसांत त्याचा डावा कान कधी नीट दिसलाच नव्हता.

मग गेल्या हिवाळ्यात सिंदेवाहीच्या एका नाट्यमंडळानं निकेशचा सत्कार ठरवला. जुन्या लोकांच्या हस्ते हार घालायचा होता. कोसमटोल्याच्या मंडळानं अर्ध्या थट्टेनं आणि अर्ध्या अभिमानानं पत्रूचं नाव पुढं केलं. आता सोक्षमोक्ष लागणार म्हणून अख्खं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून सिंदेवाहीला लोटलं. प्रणितनं तर त्यासाठी रजा टाकली. रंभानं नवऱ्याचं धोतर निळीत घालून काढलं आणि बजावलं, "त्यानं नाई म्हणलं तं भांडू नका. मोठा माणूस आहे."

भर दुपारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सूत्रसंचालकानं माईकवर गळा काढला, "ज्यांनी निकेशजींचा पडदा ओढला, ज्यांनी त्यांना सर्वांच्या आधी ओळखलं, ते कोसमटोल्याचे पत्रूभाऊ!" पत्रू हार घेऊन वर गेला. सवयीनं त्याचे पाय निकेशच्या डाव्या अंगालाच गेले. निकेशनं हार घालून घ्यायला मान खाली केली. केस त्यानं नुकतेच बारीक कापले होते.

पत्रूनं कान पाहिला.

नाटकातल्या त्या म्हाताऱ्याचा कान त्याला स्वतःच्या हातासारखा पाठ होता. मोठा, लोंबत्या पाळीचा, वरची कडा जराशी दुमडलेली. चिकटवलेली दाढी पार त्या पाळीपर्यंत आली होती आणि मागून उजेड पडला की तो कान लालभडक दिसत होता. निकेशच्या कानाला पाळी जवळजवळ नव्हतीच. होती ती गालाला चिकटलेली.

हार घालायचा तो पत्रूनं निकेशच्या हातातच दिला. निकेशनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पत्रूला काय कळलं ते त्याला तिथल्या तिथं समजलं असावं. त्यानं पत्रूचा हात घट्ट धरला आणि माईक ओढला.

"कोसमटोल्याचं ते नाटक मी जन्मात विसरणार नाही," तो म्हणाला. "ते नाटक झालं नसतं तर आज मी तुमच्यासमोर उभा नसतो."

मांडव दणाणला. कोसमटोल्याच्या माणसांनी टोप्या उडवल्या. पत्रू खाली आला तेव्हा जे त्याला ताटावर ताट झाकून दाखवायचे त्यांनीच त्याला खांद्यावर घ्यायची तयारी केली. प्रणितनं पाया पडून माफी मागितली. एवढी वर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती आली होती, आणि पत्रूचं तोंड कडू झालं होतं.

माणसं जेवणाकडे वळली तशी त्यानं मागच्या खोलीत निकेशला गाठलं. निकेश एकटाच होता, जणू वाटच पाहत होता.

"थो तुमी नव्हते," पत्रू म्हणाला.

"नाई काका." निकेशची भाषा क्षणात वडशाची झाली. "मी त्या दिवशी बंबईले होतो. पह्यल्या मालिकेसाठी बोलावलं होतं. कंपनीच्या मालकाले न सांगता पळालो मी. वाटलं, वापस येऊन जाईन. नाई आलो वेळेत."

"मंग लोकाईसमोर काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले चारचौघात खोटं पाडू का? तुमी तं पायलं तेच सांगून राह्यले." त्यानं मान खाली घातली. "अन् मी बोललो थे बी खोटं नाई. त्या रात्री नाटक झालं नसतं, तं गावानं कंपनीची गाडी अडवली असती. मालकानं मले मंग झाडीत कुठी उभं राहू दिलं नसतं. अन् तिकडं बंबईत मालिकावाल्यायनं वडशाच्या मालकालेच माह्याबद्दल विचारलं. थो चिडला असता तं थे कामबी गेलं असतं."

"कोण होता थो?"

"रहीम. आमचा माईकवाला. त्याले साऱ्यायचे डायलॉग पाठ होते, रोज ऐकून ऐकून. मालकानं त्याले दाढी लावली अन् कसम घातली, की हे कोणाले सांगाचं नाई. पोस्टरवर माह्यं नाव होतं न. त्यानं ताट झाकलं हे मलेबी मालकानंच मागून सांगतलं. मी नंतर बलावलं त्याले बंबईले, काम देतो म्हणलं. नाई आला. घुग्घुसले पाण्याच्या मोटारी बांधाचं दुकान हाये त्याचं."

त्या रात्री माईक सारखा शिट्ट्या मारत होता आणि तो बंद करायला कुणी धावलं नव्हतं, हे पत्रूला तेव्हा कुठं आठवलं. धावणारा म्हाताऱ्याच्या दाढीत मंचावर बसला होता.

घरी आल्यावर पुढचे काही दिवस त्याचे फार चमत्कारिक गेले. गाव त्याला आता भाऊ, भाऊ करत होतं. जे पोरगे त्याची गोष्ट निघाली की पळायचे तेच येऊन गोष्ट सांगा म्हणायचे. तो सांगायला बसायचा आणि निकेशचं नाव जिभेवर आलं की अडखळायचा. कुणी विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा गोष्ट कशी सरसर बाहेर पडायची. आता सगळ्यांनी विश्वास ठेवला आणि त्याला ती सांगवेना. गप्प बसला असता तर जन्मभराची इज्जत पदरात पडलेली होती, विचारणारं कुणी नव्हतं. शेवटी त्यानं रंभाला सारं सांगितलं.

"मंग ताट कोणं झाकलं?" तिनं विचारलं.

"त्या रहीमनं."

"तं त्याले जाऊन विचारा न, काऊन झाकलं म्हणून. निकेशचं काय घेऊन बसले तुमी?"

बाई खोचक होती, पण पत्रूला नेमकी वाट तिनंच दाखवली. त्यानं प्रणितला फोन लावला.

घुग्घुसचा रस्ता म्हणजे काळी धूळ आणि ट्रकांची रांग. प्रणितच्या मोटरसायकलवर मागं बसून पत्रू दुकानापर्यंत पोचला तेव्हा त्याचं पांढरं धोतर राखी झालं होतं. दुकान लहानसंच होतं. दारात उघड्या पडलेल्या मोटारी, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, आणि बाकड्यावर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तार गुंडाळत बसलेला पन्नाशीचा माणूस. त्याचा चेहरा पत्रूनं आयुष्यात कधी पाहिला नव्हता. तो दारातून सरळ आत न जाता बाकड्याला वळसा घालून त्या माणसाच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. मोठा कान, लोंबती पाळी, वरची कडा दुमडलेली.

"काय पायजे भाऊ?" रहीमनं विचारलं.

"मी कोसमटोल्याचा परदेवाला," पत्रू म्हणाला.

रहीमच्या हातातली तार निसटली आणि सगळं गुंडाळलेलं उलगडलं. त्यानं आधी प्रणितकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे.

"निकेशनं सांगतलं मले," पत्रू घाईनं म्हणाला. "भांडाले नाई आलो बापा. एकच गोष्ट विचाराले आलो. तुमी हंबरडा काऊन नाई फोडला? अन् ताट काऊन झाकलं?"

रहीमनं चष्मा काढला. त्याला हसू फुटलं. दाबलं तरी दाबेना.

"ये तुमी मले विचारता?" तो म्हणाला. "अरे भाऊ, मी ओरडाले गेलो तं गळ्यातून आवाजच नाई निघाला. एवढी पब्लिक जिंदगीत कधी समोरून पाह्यली नव्हती मी. मंग तुमच्याकडं पाह्यलं, का हा परदा टाकते अन् मी सुटतो. तं तुमी दोर धरून उभे, तोंड उघडं! मी मनात म्हणलं, हा आदमी परदा टाकत नाई, अन् मले आवाज येत नाई, आता करू काय? स्टेजवर हात खाली असले का मरण येते भाऊ. समोर ताट दिसलं, झाकून टाकलं."

एवढ्या वर्षांत पत्रूनं त्या ताटाचे किती अर्थ लावले होते! उपास, आशा, बापाची माया. आणि हा म्हणतो की मला दुसरं काही सुचलं नाही.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "मी टायमावर दोर सोडला असता तं?"

"तं मी आडवा पडलो असतो. झालं असतं नाटक."

"तुमी माह्या परद्याची वाट पाहून राह्यले होते, अन् मी तुमच्या हंबरड्याची."

"हौ!"

आता दोघंही हसायला लागले, प्रणितही हसला. पत्रूला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला उलटंच झालं. उभा जन्म तो नाटकाच्या कडेलाच राहिला होता, आणि ज्या नाटकासाठी तो जीव टाकत होता त्यात त्याचाही हात निघाला होता. त्याला मनापासून आनंद झाला.

रहीमचं हसू आधी थांबलं. त्यानं तारेचं टोक शोधून बोटाभोवती घेतलं.

"मागून मले समजलं थोडंसं," तो म्हणाला. "अब्बा कोळशाच्या खदानीत होते. ड्यूटी लांबली का अम्मी त्यायचं ताट असंच झाकून ठेवे, ताटावर ताट, अन् हात ठेवून बसून जाये. एका दिवशी ते आलेच नाई. हाताले ते याद असन. मी विचार करून नाई केलं भाऊ, अल्लाची कसम." मग त्यानं थोडं चाचरत विचारलं, "कसं दिसलं ते?"

"म्हणजे?"

"मले कोणी सांगतलंच नाई कधी. परदा पडला, मालकानं मले दाढीसहित गाडीत बसवलं. टाळी ऐकली मी गाडीतून, ती निकेशच्या नावाची होती. दुसऱ्या साली कंपनी सोडली. ज्यायनं पाह्यलं त्यायले माहीत नाई तो मी होतो, अन् ज्यायले माहीत होतं ते मागं होते, त्यायनं पाह्यलं नाई. चांगलं होतं का?"

त्याच्या आवाजात इतकी भीती होती की पत्रूला भरून आलं. इतकी वर्षं ही गोष्ट तो चावडीवर, लग्नात, मरणादारी सांगत फिरला होता. ज्यानं ती ऐकायची तो माणूस इथं तारा गुंडाळत बसला होता.

पत्रू खाली बसला आणि सांगायला लागला. घास ताटात परत कसा गेला, एकेक शीत बोटाचं सोडवून. मान कशी वळली. रिकामं ताट उचलताना हात किती हळू होता, जणू त्यात काही होतं आणि ते सांडेल. झाकलेल्या ताटावर ठेवलेली बोटं कशी थोडीशी हलत होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर तोंडात कोंबला होता, तो कसा दिसत होता. टाळी आधी मागून आली, अंधारातून, मग पुढं. त्यानं काही वाढवून सांगितलं नाही, या गोष्टीत वाढवायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. रहीम गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. दुकानासमोरून ट्रकामागून ट्रक गेले, एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि कंटाळून निघून गेलं.

"मी मोठे मोठे नट पायले," पत्रू शेवटी म्हणाला. "नंतर नाव झालं असे, अन् नाई झालं असे. तुमच्यासारखा दुसरा नाई पायला. यंदाच्या नाटकात परदा उठाच्या आधी मी माईकवर सांगतो साऱ्या गावाले, का थो निकेश नव्हता."

"नका सांगू भाऊ," रहीम घाबरला. "कसम खाल्ली होती मी. घरातबी नाई सांगतलं, अजूनपर्यंत."

"कसम तुमी खाल्ली," पत्रू म्हणाला. "मी नाई. अन् गाव मले पुन्हा हसलं तं हसू दे, सवय हाये मले."

रहीमनं डोळे पुसले, चष्मा लावला, पुन्हा काढला. मग तो बाकड्यावरून उठला आणि आतल्या दाराशी जाऊन त्यानं बायकोला आणि लेकीला हाक मारली.

"सईदा! अरीबा! बाहर आओ जरा, दोघीबी या. हे कोसमटोल्याचे पत्रूभाऊ हायेत. यायनं माह्यं नाटक पाह्यलं."